शिक्षक व्हायचंय? मग पदवीच्या वर्षांतच या चुका टाळा

शिक्षक होण्याची तयारी बीएडच्या प्रवेशापासून सुरू होते, असं बहुतेक मुलं धरून चालतात. तोवर अर्धे निर्णय होऊन गेलेले असतात.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे कोणत्या इयत्तांना शिकवायचं हे न ठरवताच अभ्यासक्रम निवडणं. ‘बीएड केलं की कुठेही लागता येतं’ हे अजूनही सर्रास ऐकू येतं. तसं नाही. पहिली ते पाचवीसाठी बीएड ही पात्रता धरता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी दिला. तिथे डीएलएड, म्हणजे पूर्वीचं डीएड, आणि टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिला पेपर लागतो. सहावी ते आठवीला पदवीसोबत बीएड किंवा डीएलएड आणि टीईटीचा दुसरा पेपर. नववी-दहावीला पदवी आणि बीएड, तर अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी आणि बीएड. ज्याचा जीव लहान मुलांत रमतो त्याने डीएलएडचा विचार बारावीनंतरच करावा. बीएड होऊन गेलं असेल, तर पहिल्या पेपरात वेळ घालवू नका. दुसऱ्याची तयारी करा.

विषयाचंही तसंच. दहावीपर्यंतच्या वेळापत्रकात वाणिज्य नाही. बीकॉम करणाऱ्याने एमकॉमचीही तयारी ठेवावी.

आता सराव पाठ. 2014 च्या नियमावलीने बीएड दोन वर्षांचं झालं आणि त्यात शाळेतल्या अनुभवाचे 20 आठवडे आले. हा या शिक्षणाचा गाभा आहे, आणि नेमका तोच उरकला जातो. मागच्या बॅचच्या वहीतून पाठ टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, उतरवलं जातं, निरीक्षक मागच्या बाकावर असेपर्यंत फळा भरतो, मग सही. हे बघून वाईट वाटतं, कारण नोकरी लागल्यावर वर्गात मागे बसून चूक दाखवणारं कोणी नसतं. ‘समजलं का?’ विचारलं की सगळा वर्ग ‘हो’ म्हणतो. त्यावर विसंबू नका. एक उदाहरण प्रत्येकाला वहीत सोडवायला द्या आणि बाकांमधून फिरा. पाठ कुठे अडकला ते तिथेच कळेल. दुसऱ्या दिवशीचं टाचण त्यावरून लिहा.

टीईटीत 150 पैकी 90 गुण लागतात, आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरी मुलं प्रश्न कोरे सोडतात. टीईटी निघाली की अभ्यास थांबतो, ही पुढची चूक. पवित्र या राज्याच्या शिक्षक भरती पोर्टलवरची निवड टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, या वेगळ्या परीक्षेच्या गुणांवर चालते: 120 मिनिटांत 200 प्रश्न. ही परीक्षा दरवर्षी होत नाही. 2017, 2023 आणि मग 2025 मध्ये झाली. म्हणून घड्याळ लावून सराव बीएडच्या पहिल्या वर्षापासूनच हवा.

कागदपत्रांचं मात्र आजच बघा. दहावीची गुणपत्रिका, पदवी आणि आधारवरचं नाव वेगवेगळं असेल, तर जाहिरात निघण्याआधी दुरुस्त करून घ्या.