मावशी, सिस्टर की दोघी? घरच्या पेशंटसाठी माणूस ठेवताना (ठाणे-नवी मुंबईतल्या कुटुंबांसाठी)

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी घरी आया-सिस्टर पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन जातो आणि पहिलाच प्रश्न असतो, "बारा तासांचे किती, चोवीस तासांचे किती?" हा प्रश्न दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न: पेशंटचं कोणकोणतं काम आहे आणि त्यातलं कोणाला जमतं? घरात होणारे बरेचसे अपघात सिस्टरचं काम आयावर, म्हणजे मावशीवर, टाकल्यामुळे किंवा ड्युटी बदलताना निरोप न पोचल्यामुळे होतात.

म्हणून वॉर्डमधून निघण्याआधीच कागदावर दोन रकाने पाडा. आयाच्या रकान्यात स्पंजिंग, डायपर, तोंडाने भरवणं, कुशीवर वळवणं, घरच्यांनी डबीत भरून ठेवलेल्या गोळ्या वेळेवर देणं, युरीन बॅग रिकामी करणं. सिस्टरच्या रकान्यात कॅथेटर (लघवीची नळी) किंवा राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) बदलणं, शिरेतून इंजेक्शन, सक्शन (मशीनने कफ ओढून काढणं), गळ्यातल्या ट्रॅकिओस्टॉमीची (श्वासासाठी पाडलेल्या छिद्राची) निगा, खोल बेडसोरचं (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचं) ड्रेसिंग. मधली दोन कामं, म्हणजे नळीने फीड (पातळ अन्न) देणं आणि इन्सुलिन टोचणं, अनुभवी आया करू शकते; पण वॉर्डच्या सिस्टरने एकदा दाखवून, मग तिच्याकडून समोर करून घेतल्यावरच. बहुतेक घरांना पूर्णवेळ सिस्टर लागत नाही. दिवसभर चांगली आया आणि ठरलेल्या दिवशी तासाभरासाठी येणारी सिस्टर, एवढ्यावर भागतं आणि खर्चही आवाक्यात राहतो.

चोवीस तासांची मावशी चोवीस तास जागी नसते, हे मनाशी पक्कं धरा. पेशंटला दर दोन तासांनी वळवायचं असेल तर दिवसातून बारा वेळा वळवणं आलं, त्यातलं चार-पाच वेळा रात्रीचं. हे एका माणसाकडून महिनाभर होणार नाही. आठवड्यातच नोंदींची वही भरलेली दिसेल आणि पाठ लाल झालेली. अशा पेशंटला बारा-बारा तासांची दोन माणसं ठेवा, नाहीतर रात्रीची पाळी घरातल्यांनी वाटून घ्या.

ब्यूरोला काय विचारायचं

भिंतीवर लावलेला शॉप अॅक्टचा कागद म्हणजे धंद्याची नोंद. पेशंटची काळजी कशी घेतात हे त्यातून कळत नाही. सिस्टर म्हणून पाठवलेल्या व्यक्तीचा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा आणि नोंदणीची मुदत चालू आहे ना ते बघा. आया असो वा सिस्टर, ओळखपत्राची प्रत, फोटो, गावचा पत्ता आणि घरच्या दोन माणसांचे फोन घेऊन आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात पडताळणीसाठी द्या. "आमचं व्हेरिफिकेशन झालेलं आहे" असं ब्यूरो म्हणाला तर त्याची प्रत मागायची.

बाकीच्या अटी निदान व्हॉट्सअॅपवर तरी लेखी घ्या: माणूस आला नाही तर बदली किती तासांत, सुट्टी कोणत्या दिवशी, कमिशन आणि डिपॉझिट किती, आठवड्यात माणूस बदलावा लागला तर पैसे परत मिळणार का, उचल दिली तर ती कोणाच्या हिशोबात. भांडणं याच मुद्द्यांवर होतात.

सर्टिफिकेटपेक्षा दहा मिनिटांचं प्रात्यक्षिक जास्त सांगतं. पेशंटला पलंगावरून व्हीलचेअरवर घ्यायला सांगा आणि नुसतं बघा. खुर्ची पेशंटच्या बळकट बाजूला लावली का, ब्रेक लावले का, पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचलल्या का, उभं करण्याआधी एक-दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसवलं का? एकदम उभं केलं की बीपी उतरून चक्कर येते. लकव्याच्या पेशंटला दुबळ्या हाताला धरून ओढलं तर त्या मावशीला तिथेच थांबवा. त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा सहज निसटतो आणि ते दुखणं पुढे फिजिओथेरपी करू देत नाही.

नळी, पाठ आणि इन्सुलिन

राईल्स ट्यूब नाकपुडीपाशी जिथे येते तिथे चिकटपट्टीने खूण करा. नळी खुणेच्या बाहेर सरकलेली दिसली, किंवा पेशंट खोकतोय, धाप लागलीय, तर फीड द्यायचं नाही. निघालेली नळी पुन्हा आत ढकलायची नाही; ती श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि फीड तिथे गेलं तर न्यूमोनियाचा मोठा धोका. फीड देताना कमरेपासून वरचं सगळं शरीर ३० ते ४५ अंशांत उचललेलं हवं. मानेखाली दोन उशा घातल्या तर फक्त मान वाकते आणि पोट दाबलं जातं. एका वेळचं माप डॉक्टरांनी लिहून दिलेलं असतं, साधारण २०० ते २५० मिली. ते १५-२० मिनिटांत आपल्या वजनाने उतरू द्यायचं, सिरिंज दाबून ढकलायचं नाही. आधी आणि नंतर ३० मिली पाणी. त्यानंतर पाऊण ते एक तास पेशंट तसाच बसता ठेवायचा, आणि नेमक्या याच वेळात डायपर बदलायला आडवं करायचं नाही. नळी तुंबते ती बहुधा न गाळलेल्या सुपाने आणि जाडसर कुटलेल्या गोळ्यांनी. काही गोळ्या, विशेषतः हळूहळू विरघळणाऱ्या, कुटायच्याच नसतात. केमिस्टला प्रत्येक गोळीबद्दल विचारून यादी पलंगापाशी चिकटवा.

बेडसोरसाठी एअरबेड घेतला की काम झालं असा समज फार पसरलेला आहे. एअरबेड मदत करतो, पण वळवणं चुकत नाही. रोज स्पंजिंगच्या वेळी माकडहाड, कुल्ल्यांची हाडं, टाचा, घोटे आणि कानांच्या मागे बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा: दाबल्यावर फिका पडला तर अजून वेळ आहे, तरी त्या बाजूवर झोपवू नका. दाबूनही लालच राहिला तर बेडसोरची सुरुवात झाली आहे. काळ्यासावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा जांभळट भाग शोधायचा. त्या जागी तेल चोळू नये, आतली नाजूक ऊती आणखी फाटते. टाचांसाठी पोटऱ्यांखाली उशी द्या, म्हणजे टाच गादीपासून सुटी राहते. वर सरकवताना ओढू नका. खाली आडवी चादर घालून दोघांनी उचला.

युरीन बॅग कमरेच्या खालच्या पातळीला, पण जमिनीला न टेकता. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करायची. पाच-सहा तासांत बॅगेत जवळजवळ काही आलं नाही, तर आधी नळीला पीळ पडलाय का, ती मांडीखाली दबलीय का ते बघा. तसं नसेल तर डॉक्टरांना फोन.

इन्सुलिनची चूक सगळ्यात महागात पडते. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलीच्या आणि १०० युनिट प्रति मिलीच्या, अशा दोन्ही ताकदीच्या बाटल्या मिळतात. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. शंभरच्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने "२०" च्या रेघेपर्यंत ओढलं तर पेशंटला २० ऐवजी ५० युनिट जातात. दुकानदाराने बाटली बदलून दिली की सिरिंजही बदलते हे मावशीला माहीत असेलच असं नाही. बाटलीवर मार्करने सिरिंजचा रंग लिहून ठेवा. घाम, थरथर, बडबड दिसली आणि शुगर ७० च्या खाली असली तर पेशंट शुद्धीवर आणि नीट गिळणारा असेल तरच तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट १०८.

आठची गडबड

बारा तासांच्या ड्युट्या सकाळी आणि रात्री आठला बदलतात. बऱ्याच मावश्या दिवा, कल्याण, अंबरनाथ, बदलापूरकडून लोकलने येतात, नवी मुंबईसाठी ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बरने. रविवारचा मेगाब्लॉक आणि जुलैतला पाऊस या दोन्हींचा हिशोब आधीच करायचा. जाणारीने येणारीला पेशंट दाखवल्याशिवाय निघायचं नाही असा नियम ठेवा, आणि त्या पंधरा मिनिटांचे पैसे द्या, नाहीतर नियम टिकत नाही. येणारी पोचलीच नाही तर कोण थांबणार, त्या एका नातेवाइकाचं किंवा शेजाऱ्याचं नाव ठरलेलं हवं.

वहीत वेळ, पोटात गेलेलं मिली, लघवी मिली, शौच, कोणत्या कुशीवर, गोळ्या, बीपी-शुगर आणि सही. दिवसभराच्या सगळ्या नोंदी एकाच हाताने सलग उतरवल्यासारख्या दिसल्या आणि बीपी रोज १२०/८० असलं, तर वही संध्याकाळी एकदम भरली जातेय. ओरडू नका. बीपीच्या मशीनची मेमरी उघडून बघा, उत्तर तिथे असतं.

घर आणि सोसायटी

ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत समई, अगरबत्ती, कापूर काही नाही. देवघर त्याच खोलीत असेल तर ते तात्पुरतं हलवा. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन) वीज गेली की बंद पडतो, आणि एअरबेडचा पंपही. ऑक्सिजनचा बी-टाइप सिलिंडर भरलेला असेल तर मिनिटाला २ लिटरने साधारण १२ तास जातो. रेग्युलेटर लावून, काटा बघून तयार ठेवा. घोडबंदर रोडच्या उंच इमारतींत स्ट्रेचर कोणत्या लिफ्टमध्ये मावतो आणि जनरेटरवर कोणती लिफ्ट चालते, हे वॉचमनला विचारून ठेवण्याची वेळ आत्ताची आहे. संध्याकाळी त्या रस्त्यावर अॅम्ब्युलन्सलाही वाट मिळत नाही, त्यामुळे जवळचं हॉस्पिटल आधीच ठरवा. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात. टोपण परत लावायला जाऊ नका, बोटात सुई जाते ती तेव्हाच.

दोघांचीही सुरक्षितता

दंडावर बोटांच्या आकाराचे वळ, मनगटावर बांधल्याच्या खुणा, मावशी खोलीत आली की पेशंटचं गप्प होणं, दिवसभर गुंगी, झोपेच्या गोळ्यांच्या स्ट्रिपमधला हिशोब न लागणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी माणूस बदला आणि फोटो काढून ठेवा. कॅमेरा लावायचा तर मावशीला सांगून, आणि कपडे बदलण्याची जागा व बाथरूम सोडून. दागिने, एटीएमचा पिन आणि यूपीआयचा फोन तिच्या ताब्यात असूच नये. उद्या संशय आला तरी तिचंही रक्षण होतं. तिला वेळेवर जेवण, ग्लव्हज, झोपायला जागा आणि आठवड्याची सुट्टी द्या. उपाशी आणि अर्धवट झोपलेल्या माणसाच्या हातूनच पेशंट निसटतो.

ज्येष्ठ नागरिकांसाठीची हेल्पलाइन १४५६७, पोलिसांसाठी ११२. ब्यूरो डिपॉझिट बुडवत असेल तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, मग जिल्हा ग्राहक आयोग. वाशी, नेरूळ, ऐरोलीकरांचा जिल्हा ठाणे. खारघर, कामोठे, पनवेलचा रायगड, जरी पोलीस नवी मुंबईचेच असले तरी. पैसे रोख दिले असतील तर पावती आणि अटींचे मेसेज पुसू नका.