कीटोमॉर्फा आणण्याआधीची तयारी

खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-टाकीतले नायट्रेट व फॉस्फेट शोषून घेण्यासाठी कीटोमॉर्फा हे धाग्यांसारखे शेवाळ वाढवतात; त्याचा गोळा घरी आणणे हे या तयारीतले शेवटचे काम समजावे. हे शेवाळ चिवट असले, तरी प्रवाह, उजेड किंवा अन्न यांपैकी काहीही कमी पडले की ते आतून पांढरे पडून कुजते आणि त्याने शोषलेले नायट्रेट व फॉस्फेट पुन्हा प्रवाळांच्या टाकीतच उतरते.

मुख्य टाकी 200 लिटरची असेल, तर सम्पमधला (मुख्य टाकीखालच्या जोडटाकीतला) 25 ते 30 लिटरचा कप्पा रेफ्युजियमसाठी, म्हणजे शेवाळ वाढवण्यासाठी, राखावा. कप्पा बसवला की पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप मुद्दाम बंद करावा, वरचे पाणी उतरायचे थांबेपर्यंत वाट पाहावी आणि सम्पमध्ये ते जिथवर चढले तिथे मार्करने खूण करावी. आपल्याकडे वीज न सांगता जाते, आणि तेव्हाही पंप बंद पडून हेच पाणी सम्पमध्ये उतरते. त्यामुळे ही चाचणी कोणीही टाळू नये, आणि कप्प्यात काहीही बदलले तर ती पुन्हा करावी. गोळा सावकाश उलटत राहील इतका प्रवाह हवा, नाहीतर आतला भाग कायम अंधारात राहतो. सुटे धागे पंपात ओढले जाऊ नयेत म्हणून कप्प्याच्या तोंडाशी जाळी लावावी.

दिवा लाल-निळ्या एलईडीचा घ्यावा आणि टायमरवर, मुख्य टाकीचे दिवे विझल्यावर, सुमारे 12 तास चालवावा. रात्री टाकीतल्या जिवांच्या श्वसनाने कार्बन डायऑक्साइड वाढून सामू घसरतो. नेमक्या त्याच वेळी शेवाळ तो वायू शोषून घेते. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे खारे पाणी सॉकेटपर्यंत पोहोचत नाही.

नायट्रेट व फॉस्फेटचे टेस्ट किट आधीच आणून आठवडाभराच्या नोंदी ठेवाव्यात. दोन्ही शून्यावर आणण्याचा हट्ट धरू नये, कारण त्याने प्रवाळ फिके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म एकपेशीय जिवांचा चिकट तपकिरी थर येण्याची शक्यता वाढते. नायट्रेट 5 पीपीएमच्या आसपास असले तरी चालते. फॉस्फेट शोषणारी फिल्टरमधली माध्यमे सुरुवातीला काढून ठेवावीत, म्हणजे शेवाळाची उपासमार होणार नाही.

गोळा गडद हिरवा आणि नायलॉनच्या दोऱ्यासारखा ताठ निवडावा. तो गोड्या पाण्यात नव्हे, तर टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत हलवून धुवावा आणि ऐप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल) किंवा खेकडे दिसल्यास चिमट्याने काढावेत; कोपेपॉड हे बारीक कवचधारी जीव मात्र राहू द्यावेत. कॉलेर्पा हे दुसरे शेवाळ घेऊ नये, कारण तिने एका रात्रीत प्रजननपेशी सोडल्या तर पाणी दुधाळ होते आणि त्यातला प्राणवायू कमी होतो.

कात्री आणि वेगळी बादलीही तयार असावी, कारण वाढलेले शेवाळ कापून बाहेर काढले तरच नायट्रेट व फॉस्फेट खरोखर टाकीबाहेर जातात. कापलेला भाग गटारात किंवा खाडीत टाकू नये, कारण टाकीतले शेवाळ समुद्रात पोहोचले तर पसरू शकते. 1984 मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्याजवळ आढळलेली कॉलेर्पा टॅक्सिफोलिया पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर पसरली. कापलेले शेवाळ गोड्या पाण्यात भिजवून, मीठ काढून, उन्हात कडक वाळवावे आणि मगच कुंडीतल्या मातीत मिसळावे.