जुन्या टॉकीजचे आतून छायाचित्रण

विदर्भातल्या तालुक्याच्या गावांमधील कितीतरी एकपडदा टॉकीज आता बंद आहेत. कुणाचे मंगल कार्यालय झाले, कुणाचे गोदाम, तर काही नुसत्याच कुलूपबंद उभ्या आहेत. त्या पाडल्या जाण्याआधी आतून नीट टिपून ठेवायला हव्यात. माझा आग्रह एकच आहे: ही वास्तू अंधारासाठी बांधलेली आहे, म्हणून प्रखर दिवे लावून तो अंधार पुसून टाकू नये, आत झिरपणारा जो थोडा उजेड असतो, तोच कॅमेऱ्यात सावकाश साठू द्यावा.

आधी मालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि शक्य झाल्यास तिथे प्रोजेक्टर चालवणाऱ्या जुन्या ऑपरेटरला सोबत यायची विनंती करावी, कारण बाल्कनीतली कोणती फळी कुजली आहे आणि कोणत्या बटणाला हात लावू नये, हे त्यांनाच ठाऊक असते. टॉकीज चालू असेल तर दोन खेळांच्या मधली वेळ मागून घ्यावी. चालू चित्रपटाचे पडद्यावरून चित्रीकरण करणे २०२३च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने गुन्हा ठरते, म्हणून खेळ सुरू असताना कॅमेरा बाहेर काढूच नये.

ऋतू विचारपूर्वक निवडावा. वैशाखात पत्र्याखाली माणसाला उभे राहवत नाही, शिवाय कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा सेन्सर तापला की दीर्घ एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर बराच वेळ उघडे ठेवल्यावर, रंगीत ठिपके वाढतात. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिण भिंतीच्या झरोक्यांतून उन्हाचे लांब पट्टे थेट खुर्च्यांपर्यंत पोहोचतात. हवेतली धूळ त्यात चमकते आणि चित्राला खोली येते. मात्र त्याच धुळीपायी लेन्स आत बदलू नये, आणि वटवाघळे किंवा पारवे वस्तीला असतील तर नाकाला मास्क बांधल्याशिवाय आत शिरू नये.

मजबूत ट्रायपॉड ही पहिली गरज. फुल फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर १६ ते २४ मिलिमीटरची लेन्स पुरते; त्याहून रुंद लेन्सने पडदा दूर पळतो आणि सभागृह आहे त्याहून मोठे भासते. कॅमेरा लेव्हलमध्ये ठेवावा, नाहीतर भिंती आत झुकलेल्या दिसतात. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचे छिद्र एफ/८ ठेवून शटर गरजेनुसार १५ ते ३० सेकंद उघडे ठेवावे, आणि झरोका व काळोख दोन्ही सांभाळण्यासाठी दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंतराने तीन चित्रे घ्यावीत. ती तिन्ही एकात जोडताना मात्र संयम हवा. कोपरे काळे राहिले तरी चालतील. बाल्कनी लाकडी असेल तर शटर उघडे असताना कोणीही पाऊल हलवू नये, कारण फळीची थरथर ट्रायपॉडमधून थेट चित्रात उतरते. ट्यूबलाइटचा हिरवट आणि दारातला निळसर उजेड एकत्र आले की रंग सुधारणे अवघड होते. म्हणून एका वेळी एकच प्रकाश ठेवावा आणि चित्रे रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात, घ्यावीत.

पडद्याजवळ अवश्य जावे. आवाज मागच्या स्पीकरमधून आरपार यावा म्हणून त्याला बारीक भोके पाडलेली असतात, आणि विशिष्ट अंतरावरून त्या भोकांमुळे चित्रात पाण्यासारखे तरंग उमटतात. तसे झाले तर कॅमेरा थोडा पुढेमागे करावा. सिनेमास्कोप हा रुंद चित्राचा प्रकार १९५३ साली आला, त्यानंतर अनेक ठिकाणी पडदा रुंद केला गेला, त्यामुळे मूळची नक्षीदार चौकट पडद्यामागे झाकलेली सापडू शकते. परवानगी असल्यास कडेने टॉर्चचा तिरपा झोत फिरवून ती टिपावी. अंधारात दिवा वापरावा तो एवढ्यापुरताच.

सर्वाधिक वेळ मशीन रूमला, म्हणजे प्रोजेक्टरच्या खोलीला, द्यावा. दोन प्रोजेक्टर शेजारी-शेजारी असतात, कारण २००० फुटांचे रीळ साधारण २२ मिनिटांत संपते आणि ते संपता संपता दुसरे यंत्र सुरू करावे लागे. दिव्याच्या पेटीत, ज्या जळून उजेड पडे त्या कार्बनच्या तांबे चढवलेल्या कांड्यांचे जळके तुकडे राहिलेले असतील, वर धूर नेणारे नळकांडे असेल. सभागृहाकडच्या भिंतीतल्या चौकोनी खिडकीवर लोखंडी झडप आढळते. आगीत ती खाली पडून सभागृह वाचावे अशी ती योजना, कारण १९५०च्या दशकापूर्वीची नायट्रेट फिल्म भडकन पेट घेत असे. झडपेच्या काठावर बोटांनी झिजलेला रंग दिसला तर जवळून, खिडकीतल्या उजेडात, ५० मिलिमीटरच्या लेन्सने तेवढाच टिपावा. खोलीच्या रुंद चित्रापेक्षा हा तुकडा मला मोलाचा वाटतो, कारण काम करणारा हात त्यात दिसतो.

मूळ फाइली दोन वेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात आणि प्रत्येकीसोबत गाव, तारीख व कॅमेऱ्याची दिशा लिहावी. निवडक चित्रे छापून मालकाला आणि ऑपरेटरला द्यावीत. ती हातात घेतल्यावर ते ज्या खुणा ओळखून दाखवतात, त्या त्याच दिवशी नोंदीत उतरवून घ्याव्यात.