पिसं फुगवून बसलेली कोंबडी

पिसं फुगवून, मान आत ओढून बसलेली कोंबडी आजारीच धरा आणि लगेच वेगळ्या डालग्यात, कोरड्या भुशावर ठेवा.

सकाळी दाणे टाकण्याआधी गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपा. रात्रीत ती रिकामी व्हायला हवी. घट्ट गोळा लागला तर बहुधा लांब गवत अडकलंय. पाण्याच्या फुग्यासारखी लागून चोचीला आंबूस वास आला तर आत दाणा आंबलाय. उलटी धरून पिशवी पिळू नका, पाणी श्वासनळीत जाऊन कोंबडी गुदमरते.

डालग्यात भुशावर कागद अंथरा, शीट नीट दिसते. पिलांच्या शीटेत रक्त म्हणजे बहुधा रक्ती हगवण: ॲम्प्रोलियम हे औषध पाकिटावरच्या मात्रेने पाण्यातून द्या, ओला भुसा त्याच दिवशी बदला. हिरवी पातळ शीट, धाप आणि पिळलेली मान असेल तर मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) संशय घ्या. मानमोडीवर औषध नाही. लस निरोगी पक्ष्यांनाच, आधीच द्यायची.

ओआरएसचं पाकीट १ लिटर पाण्यात विरघळवा. घशात ओतू नका. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, ती स्वतः गिळते.

एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर कापू नका, विकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.