दहशतवादावरची थ्रिलर निवडायची कशी?

आधीच सांगतो, मागच्या कव्हरवर जाऊ नका. तिथे 'एक बॉम्ब, एक माणूस, हातात फक्त चोवीस तास' असलं काही दिसलं की मी तर पुस्तक परत ठेवतो. माझी टेस्ट साधी आहे, पहिली वीसेक पानं चाळायची आणि बघायचं की ज्याला अतिरेकी म्हणून उभं केलंय त्याला आईबाप, बहीण, एखादी फालतू सवय वगैरे काही आहे की नुसती दाढी आणि बंदूक. नुसती दाढी असेल तर पुस्तक एका बैठकीत संपतं आणि दुसऱ्या दिवशी नावही आठवत नाही.

सुरुवात मोहसिन हमीदच्या 'द रिलक्टंट फंडामेंटलिस्ट'ने (२००७) करा. छोटंसं आहे, लाहोरमधला एक माणूस एका अमेरिकनाशी बोलत बसलाय आणि अख्खी कादंबरी तोच एकटा बोलतो, समोरच्याचा आवाज आपल्याला एकदाही ऐकू येत नाही, त्यामुळे नक्की कोण कोणावर टपलाय तेच कळत नाही. घाईत वाचलंत तर मजा गेली.

मग यास्मिना खाद्राचं 'द अटॅक'. तेल अवीवमधला अरब सर्जन दिवसभर स्फोटातले जखमी ऑपरेट करतो आणि रात्री त्याला कळतं की स्फोट त्याच्याच बायकोने केला. बॉम्ब सुरुवातीलाच फुटून जातो, तरी पुस्तक खाली ठेववत नाही, कारण प्रश्न उरतो तो घरातला, मला कसं नाही कळलं?

कमिला शम्सीचं 'होम फायर' (२०१७) माझं सगळ्यात आवडतं. पहिल्याच सीनमध्ये एअरपोर्टवर इस्मा या ब्रिटिश मुस्लिम तरुणीची चौकशी चालू असते, तिने मुद्दाम कुराण आणि घरच्यांचे फोटो बॅगेत घेतलेलेच नाहीत, तरी अधिकारी तिला राणीपासून टीव्हीवरच्या केकच्या स्पर्धेपर्यंत काहीही विचारतो आणि तिकडे फ्लाइट सुटायला आलंय. आयडेंटिटी म्हणजे काय ते तिथेच कळतं, वेगळं लेक्चर नाही. आधार 'अँटिगनी' या प्राचीन ग्रीक नाटकाचा आहे, ते वाचलं नसेल तर नंतरच वाचा, नाहीतर शेवटाचा अंदाज येतो.

कॉनरॅडचं 'द सीक्रेट एजंट' (१९०७) स्लो आहे, पेशन्स असेल तरच घ्या.

ल कारेचं 'द लिटल ड्रमर गर्ल' (१९८३) शेवटी ठेवा. इस्रायली हेर एका इंग्लिश नटीला पॅलेस्टिनी गटात घुसवतात, जाडजूड पुस्तक आहे आणि नावं सारखी बदलतात, तेव्हा कागदावर लिहून ठेवा. मी नव्हती लिहिली, दोनदा मागे जाऊन वाचावं लागलं.