शोक वेगळा, थकवा वेगळा: चित्रांकडे परतताना

आई गेली तेव्हा मी जाहिरातींसाठी चित्रं काढायची नोकरी करत होते आणि त्या कामाने आधीच पिळून निघाले होते. दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे भेटणाऱ्या प्रत्येकाचा सल्ला एकच, ‘दमली आहेस, सुट्टी घे.’ घेतली. झोप भरून निघाली, मनगटाचं दुखणं थांबलं, पण कोरा कागद समोर आला की पोटात गोळा यायचा तो येतच राहिला. नव्याने या वाटेवर येणाऱ्यांना म्हणूनच आधी सांगते, कामाचा थकवा आणि माणूस गेल्याचं दुःख यांची गल्लत करू नका. चित्रकलेत दोघांवरचे उपाय निराळे आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटला, म्हणजे या कामाच्या थकव्याला, आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्याने येणारी ती अवस्था आहे. तिच्या खुणा तीन: शक्ती संपणं, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. चित्रकाराला सर्वांत जास्त छळते ती तिसरी खूण, कारण नोकरीतलं चित्र आणि मनातलं चित्र एकाच हातातून उतरतं.

यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे माध्यम बदलणं. स्क्रीनवर काम करून थकला असाल तर कोळसा घ्या. काडीचा कोळसा बोटाने पुसला जातो, त्यात बारीक सफाई जमत नाही, त्यामुळे ‘फिनिशिंग’ची नोकरीतली सवय आपोआप गळते. सुरुवातीला कागदाकडे न पाहता रेखाटा. नजर वस्तूच्या कडेवरून सावकाश फिरवायची आणि पेन्सिल तिच्यामागून चालवायची. असं चित्र भल्याभल्यांचंही वेडंवाकडंच येतं, म्हणून चांगलं-वाईट हा प्रश्नच उरत नाही. महागडं सामान लगेच घेऊ नका. जुनी पेटी उघडून बघा: ट्यूबमध्ये सुकलेले जलरंग सहसा पाण्याने पुन्हा ओले होतात, सुकून कडक झालेले अ‍ॅक्रिलिक मात्र टाकूनच द्यावे लागतात.

शोकाला माध्यम बदलून फरक पडत नाही. त्याला विषय लागतो, आणि वेळ तर अतोनात लागतो. जर्मन चित्रकार-शिल्पकार केथे कोलविट्झ यांचा धाकटा मुलगा पेटर १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याच्यासाठी स्मारक करायचं त्यांनी लवकरच ठरवलं, पण मध्ये ते काम सोडून दिलं, काही वर्षांनी पुन्हा हाती घेतलं, कल्पनाही बदलली. गुडघे टेकून बसलेल्या आई-वडिलांची ती दोन शिल्पं बेल्जियममधल्या सैनिकी दफनभूमीत बसली ती १९३२ मध्ये. तुमचं चित्र या वर्षी झालं नाही म्हणून खचून जायचं कारण नाही.

गेलेल्या माणसाचा चेहरा काढायला घाई करू नका. फोटोवरून काढलेला चेहरा फोटोसारखाच येतो आणि जास्त दुखावतो, असा माझा अनुभव. मी आईच्या वह्यांमधलं अक्षर गिरवायला लागले. तिचा दाब कुठे वाढतो, वेलांटी कुठे लांबते, हे हाताला कळत गेलं. पुढे त्याच वळणाच्या रेषा माझ्या चित्रांत येऊ लागल्या. एकेका दिवशी एक ओळही पुरे होते. रडू आलं तर वही मिटा, पण उचलून ठेवू नका, समोरच राहू द्या.

२०१६ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातल्या अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं कलाकाम केलं आणि सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं. पूर्वी कला शिकलेले आणि न शिकलेले यांच्यात विशेष फरक दिसला नाही. अभ्यास लहान आहे, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, तेव्हा चित्रकलेला औषध समजू नका. झोप उडाली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. चित्रं थांबतील तुमच्यासाठी.

पैशाचं काम पुन्हा कधी घ्यायचं, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझा नियम असा, की कुणी न मागता, दाखवायचा विचारही न करता काढलेली एक वही भरेपर्यंत नाही. त्यानंतरही पहिलं काम लहान घ्या, किती वेळा बदल करून देणार ते आधीच लिहून द्या, आणि ती वही ग्राहकाला दाखवायच्या कामांत ठेवू नका.