बुडालेल्या बोटीचं जुनं डिझेल इंजिन: सेल्फ मारायच्या आधी या चुका टाळा

बोट पाण्याबाहेर आली की तासाभरात कोणीतरी सेल्फ मारतोच. बंदरावर इतकी वर्षं इंजिनं खोलतोय, पण भंगारात गेलेली बरीचशी इंजिनं पाण्याने मेली नव्हती, या घाईने मेली होती.

पाणी दाबलं जात नाही. डिझेल इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, म्हणजे हेडखाली, सिलिंडरच्या झाकणाखाली, जागा उरते ती अगदी थोडी. ती पाण्याने भरलेली असेल तर पिस्टन तिथेच अडतो, खालून क्रँक ढकलत राहतो आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गेल्यावर एका खाडीत बोट अर्धी बुडालेली सापडली. ट्रकचं जुनं सहा सिलिंडरचं इंजिन, पाणी मॅनिफोल्डपर्यंत, म्हणजे हवा-धुराच्या नळ्यांपर्यंत. नाखव्याच्या मुलाला मी म्हटलं, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर) काढल्याशिवाय हात लावू नकोस, मी सकाळी येतो. त्याने संध्याकाळीच सेल्फ मारला. टक्क आवाज आला आणि इंजिन थांबलं. मग शेजारच्या बोटीची बॅटरी जोडून पुन्हा मारला. तिसऱ्या खेपेला कोरडे सिलिंडर पेटले आणि इंजिन चालू झालं. रात्री मला फोन, "काका, चालू झाला, आता येऊ नका." मी तरी गेलो. एक सिलिंडर मिस मारत होता, पांढरा धूर येत होता. हेड उघडूया म्हटलं, तर मुलाचं म्हणणं की चालू इंजिन कशाला खोलायचं. पावसाळ्यातली मासेमारी बंदी उठली, बोट मासेमारीला गेली आणि थोड्याच दिवसांत वाकलेला रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला. दुसऱ्या बोटीने ओढत आणली. खलाशी धडधाकट परतले, माझ्यासाठी तेवढंच पुष्कळ होतं. पण जे काम गॅस्केट आणि एका रॉडवर भागलं असतं, त्याला आख्खं इंजिन लागलं.

म्हणून माझी सवय ठरलेली आहे. सगळी नोझल बाहेर काढायची, एकसुद्धा आत ठेवायचं नाही. मग फ्लायव्हीलला पहार लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं. भोकांतून पाणी उडतं, तोंड बाजूला ठेवा. हाताला कुठे अडलं तर तिथेच थांबा, जोर लावू नका. पाणी यायचं बंद झालं की प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून पुन्हा दोन फेरे. त्यानंतर सेल्फ, तोही दोन-तीन सेकंद आणि नोझल बाहेर असतानाच. नोझल परत बसवताना तांब्याचे वॉशर नवे घाला.

दुसरी चूक वाळवण्याची. खाऱ्या पाण्यात बुडालेलं इंजिन उन्हात ठेवून लोक मेकॅनिकची वाट बघत बसतात. पाणी उडून जातं, मीठ आत राहतं, हवा लागते आणि लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, गंजायला सुरुवात होते. बाहेर काढल्या काढल्या गोड्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी खोला. बोटीच्या मागे बाहेरून लावायचं छोटं आउटबोर्ड इंजिन असेल आणि मेकॅनिक उद्या येणार असेल, तर ते गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा. लोकांना हे पटत नाही, पण मी तेच करतो.

ऑइल एकदाच बदलून भागत नाही. खालच्या ऑइल चेंबरचा बोल्ट सैल केला की आधी पाणी येईल, मग चहासारखं ऑइल. स्वस्त ऑइल भरा, इंजिन थोडा वेळ चालवा आणि काढून टाका. डिपस्टिकवर दुधाळपणा दिसेनासा होईपर्यंत हेच करत राहा.

डिझेल टाकीच्या तळातून काढून बघा, पाणी जड म्हणून खाली बसतं. फिल्टर नवे टाका. डिझेलच्या लाइनमध्ये अडकलेली हवा आधी फिल्टरच्या स्क्रूवरून काढा, मग पंपावरून, शेवटी नोझलच्या पाइपचे नट सैल करून.

सेल्फ आणि डायनॅमो गोड्या पाण्याने धुऊन वायंडिंगवाल्याकडे द्या.

एअर क्लीनरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारू नका. जुन्या डिझेल इंजिनाचे पिस्टन आणि रिंगा त्याने फुटतात. दोन मिनिटं वाचवायला स्प्रे मारणाऱ्याच्या इंजिनाला मी हात लावत नाही.

चालू झालं की लगेच समुद्रात नेऊ नका. बोट धक्क्याला घट्ट बांधा, गियर टाका आणि तासभर लोडवर चालवा, म्हणजे आतली ओल गरम होऊन निघते. ऑइल प्रेशरवर नजर ठेवा, अधूनमधून इंजिन बंद करून डिपस्टिक बघा. पुन्हा दुधाळ दिसलं तर हेड गॅस्केटमधून नाहीतर ऑइल कूलरमधून पाणी येतंय.